शून्य नंबरची छाती

भांड्यांच्या जाळीतून एक चमचा घसरला आणि ओट्यावर टण्णकन वाजला. एवढंच. पण दुपारच्या अडीचच्या शांततेत मी अशी दचकले की हातातला चहा बशीत सांडला. आधी कस्तूकडे पाहिलं. ती जागी झाली नव्हती. पालथी, एक हात गादीबाहेर, तोंड किंचित उघडं. सकाळची शाळा करून आली की हल्ली ती दोन-दोन तास झोपते. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत ही मुलगी दुपारी डोळ्याला डोळा लावायची नाही. हे दोन तास माझे. त्यातच मी संस्थेचं काम उरकते, त्यातच चोरून असं काहीबाही लिहिते. देवानं दिलेला वेळ, असं मी म्हणायचे.

बशी पुसत होते तेवढ्यात फोन उजळला. तडालाचा निरोप होता.

तडाला ही मलावी देशातल्या एका डोंगराळ भागातली परिचारिका. तिकडे आमच्या संस्थेचं काम ती एकटी बघते. इकडे मिरजेत बाई आणि मी. बाई म्हणजे डॉक्टर इंदुमती तासगावकर. मुलांच्या डॉक्टर म्हणून मलावीत दहा वर्षं राहून आल्या आणि निवृत्तीनंतर गप्प बसवेना म्हणून स्वतःच्या गॅरेजमध्ये ही संस्था काढली. गाडी बाहेर उन्हात, आत आमची टेबलं. तिकडच्या गरीब मुलांची हृदयं तपासायची आणि ज्यांना गरज आहे त्यांना औषध पोचवायचं, एवढंच काम.

तडाला चिचेवा भाषेत बोलते आणि माझा फोन ते मला मराठीत सांगतो. सपाट आवाजात, बातम्या दिल्यासारखा.

"सिस्टर पल्लवी, चिकोंडीला काल ब्लँटायरच्या इस्पितळात नेलं. तिला श्वास लागत होता. पाय सुजले आहेत. तिथे इको केला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदयाची झडप खूप गळते आहे. सिस्टर, तिची पट्टी हिरवी होती. तिन्ही वेळा हिरवी."

फोन पुढे बोलतच होता.

"तिची आई तिला पाठुंगळी घेऊन तीन वेळा आली होती. नऊ किलोमीटर. म्हणायची, हिचे सांधे दुखतात, मशीन काहीही म्हणो, हिला काहीतरी झालंय. मी तिन्ही वेळा तिला परत पाठवलं."

चिकोंडी सात वर्षांची. माझ्या कस्तूपेक्षा वर्षानं मोठी. व्हिडिओवर कस्तूला पाहिलं की जीभ काढून दाखवायची. पिवळा फ्रॉक, एक बटण तुटलेलं.

*

पट्टीबद्दल सांगायला हवं.

लहान मुलाचा घसा सुजतो, ताप येतो. घशात एक साधासा जंतू असतो. चार दिवसांत ते बरं होतं आणि आपण विसरतो. पण काही मुलांमध्ये शरीराचे पहारेकरी गोंधळतात. त्या जंतूसारखाच दिसणारा भाग त्यांना आपल्याच सांध्यांत आणि हृदयाच्या झडपांत दिसतो आणि ते घरच्यांवरच तुटून पडतात. आधी सांधे दुखतात, आज हा गुडघा, परवा तो. मग झडप जाड होते, पूर्ण मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे गळतं. वेळेवर कळलं तर दर चार आठवड्यांनी एक पेनिसिलिनचं इंजेक्शन, बस्स, मूल मोठं होतं. नाही कळलं तर एक दिवस पाय सुजतात.

गळणाऱ्या झडपेचा आवाज येतो. लब् आणि डब् यांच्या मधे बारीक फुस्. सायकलच्या चाकाला सूक्ष्म भोक पडावं तसा. तो ऐकायला बाईंसारखा कान लागतो, आणि त्या डोंगरात तसे कान नाहीत. म्हणून पट्टी. अंगठ्याएवढी, बारीक तारा छापलेली, मागे चिकट. डाव्या बाजूला लावली की दोन मिनिटं छाती ऐकते आणि रंग दाखवते. हिरवा, म्हणजे जा खेळायला. पिवळा, म्हणजे इको करा.

पट्टी स्वस्त आहे, आणि म्हणूनच तिच्यात एक खोट आहे. पापड एकाच हातचे असले तरी दोन दिवसांचे पापड सारखे वाळत नाहीत; तसं प्रत्येक पेटीतल्या पट्ट्यांचं थोडं वेगळं असतं. त्यामुळे पेटी पाठवण्याआधी तिला एकदा 'चांगली छाती' ऐकवावी लागते. निरोगी मुलाच्या छातीवर पाच पट्ट्या लावायच्या. जे ऐकू येईल, ते म्हणजे ठीक. पुढे प्रत्येक मुलाच्या आवाजातून ते वजा होतं, आणि जे उरतं तेवढंच दुखणं म्हणून मोजलं जातं. याला आम्ही शून्य लावणं म्हणतो.

बाईंचा पहिल्या दिवसापासून एक दंडक. "आपल्या पोराला लावल्याशिवाय परक्याच्या पोराला काही लावायचं नाही. ती पोरं उंदीर नव्हेत." बाईंना मूल नाही. मला कस्तू होती. पहिल्या वर्षी बाईंनी स्वतः तिला मोठ्या यंत्राखाली घालून इको केला आणि म्हणाल्या, "घड्याळ आहे नुसतं. हिचंच शून्य लावायचं."

तेव्हापासून पेटीचा दिवस म्हणजे आमच्याकडे सणच. कस्तू पाटावर बसायची, उघडी, केस वर बांधलेले. मी तिला कुंकू लावून ओवाळायची. मग पट्ट्या. गुदगुल्या होतात म्हणून ती ओठ घट्ट मिटून बसायची. नंतर वाटीभर शिरा. ती शाळेत सांगायची, "मी शून्य आहे," आणि मुलं हसायची, तेव्हा तिला फार राग यायचा.

पाच पेट्या गेल्या. पाचही वेळा शून्य नंबरला कस्तू.

*

बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "चिकोंडीला कुठल्या पेटीतली पट्टी?"

"पाचव्या."

"शून्य कधी लावलं होतंस?"

"श्रावणात. नागपंचमीनंतर."

"त्याआधी कस्तू आजारी होती का गं?"

पलीकडे त्यांच्या पंख्याचा आवाज येत होता.

आषाढात होती. घसा, ताप, शाळा बुडाली. चार दिवसांत बरी झाली. मग पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी म्हणाली, "आई, गुडघा दुखतो." दोन दिवसांनी दुसरा. मग घोटा. सासूबाई तेव्हा इचलकरंजीहून आलेल्या. त्यांनी तेल कोमट करून चोळलं आणि म्हणाल्या, "वाढीचं दुखणं आहे. हृषीलाही लहानपणी व्हायचं." मीही तेच म्हटलं. तिला मांडीवर घेऊन म्हटलं, "मोठी होतेयस ना तू, म्हणून."

तडालाच्या दवाखान्याच्या भिंतीवर एक चित्रफलक आहे. मुलाचा घसा, मग गुडघा, मग हृदय, मधे लाल बाण. तो मी काढलाय. त्या गुडघ्याला लाल रंग मी स्वतः दिलाय. इथेच, या ओट्यावर बसून.

"पल्लवी," बाई म्हणाल्या, "कागदावर इकोची तारीख कुठली आहे?"

पट्टी बनवणाऱ्या कंपनीचा नियम होता, शून्य लावणाऱ्या मुलाचा इको सहा महिन्यांच्या आतला हवा. अर्जात तो रकाना असतो. दर वेळी जुना अर्ज उघडायचा, पेटीचा नंबर बदलायचा आणि पाठवायचा. तारीख तीच राहिलेली. पहिल्या वर्षाची.

"माझंही चुकलं," बाई म्हणाल्या. "मी सही करताना तारीख बघितली नाही. घरचीच पोर, तिचं काय बघायचं, असं वाटलं." त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "आता रडू नकोस. त्या पेटीतल्या पट्ट्या आहेत का शिल्लक?"

"बारा आहेत. बिस्किटांच्या डब्यात."

"मुलांचे मूळ आवाज?"

"सगळे आहेत, लॅपटॉपवर. या पेटीचे तीनशे बारा."

"मग फक्त वजाबाकी चुकलीय. नवीन शून्य लाव. खरोखर निरोगी मूल शोध, इको ताजा असलेलं. यंत्र सगळ्यांना परत ऐकेल. आणि बाळा, उद्या सकाळी सात वाजता तिकडे पेनिसिलिनची गाडी डोंगरावर जाते. ती परत चार आठवड्यांनी. नावं आज संध्याकाळी गेली पाहिजेत. इको होईपर्यंत इंजेक्शन थांबवायचं नाही."

"बाई, आणि कस्तू..."

"उद्या नऊला तिला घेऊन ये. मी इकोचं यंत्र अडवून ठेवते."

मी आत गेले. कस्तू तशीच झोपलेली. उघड्या तोंडानं, भराभर श्वास घेत. मी तिच्या पाठीला कान लावला. मला काहीच कळलं नाही. लब् डब्, लब् डब्, आणि माझ्याच कानातलं रक्त. मला एवढंच कळलं की तीन महिने ही मुलगी दुपारी दमून पडत होती, आणि मी आनंदानं लॅपटॉप उघडत होते.

*

आमच्या गल्लीत तंबोरे बनवणारी घरं आहेत. शेजारच्या नसीमभाभींच्या आफरीनचं गेल्या महिन्यात टॉन्सिलचं ऑपरेशन झालं होतं, आणि त्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिचा इको काढायला लावला होता. तो रिपोर्ट भाभींनी मला दाखवायला आणला होता, तेव्हा मीच त्यांना हसले होते. "सगळं छान आहे भाभी, उगाच घाबरता."

"काय झालं ताई, तोंड असं का उतरलंय?" भाभींनी दारातच विचारलं.

मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही, पण त्यांना कळलं. अंगणात भोपळ्याला कानस लावत बसलेले त्यांचे सासरे, उस्मानचाचा, हात थांबवून ऐकत होते.

"पोरीला दुखणार नाय ना?" भाभी म्हणाल्या.

"नाही. चिकटपट्टी आहे नुसती."

"मग विचारता काय? घेऊन जा की."

चाचा म्हणाले, "पहिली तार उतरलेली असंल, तर बाकीच्या तिच्याशी गोडच लागतात, पोरी. वाजवणाऱ्याला कळत नाही. बाहेरून येणाऱ्यालाच कळतं." मग कानस पुन्हा चालू केली. मला बरं वाटावं म्हणून ते बोलले होते. वाटलं नाही.

आफरीनला पाटावर बसवलं तेव्हा कस्तू उठून आली होती. डोळे चोळत दारात उभी.

"ही का बसलीय?"

"आज तिची पाळी आहे, राणी."

"पण शून्य मी आहे!"

"आज आफरीनला होऊ दे."

"मग तिला ओवाळलं का नाहीस?"

खरंच विसरले होते. कस्तूनं स्वतःच जाऊन निरांजन आणलं. रागावलेली होती, तरी आणलं. दोघींना ओवाळलं. आफरीनच्या छातीवर पाच पट्ट्या लावल्या. दोन मिनिटं ती खिदळत होती आणि मी तिच्यावर ओरडले. मग तिला जवळ घेतलं.

माझा नवरा हृषीकेश साडेपाचला कॉलेजात शिकवून आला. मी फोनवर सांगितलंच होतं. तो आल्या आल्या कस्तूला उचलून खिडकीशी घेऊन गेला आणि उजेडात तिची नखं बघू लागला. निळी आहेत का ते. मग तिला भाभींकडे खेळायला पाठवलं, आणि ती जिना उतरायला लागली तसा एकदम ओरडला, "पळू नकोस!"

"लगेच काही लिहू नकोस तिकडे," तो मला म्हणाला. "नावं पाठव. कारण नको. उद्या इको होऊ दे."

"तडाला विचारेल, काल हिरवं होतं ते आज पिवळं कसं."

"दुरुस्ती झाली म्हण. पल्लवी, लोक काय म्हणतील कळतंय का तुला? घरातल्या पोरीच्या छातीवर परदेशातली तीनशे पोरं तोलली, म्हणतील. संस्था बंद होईल. बाईंनी आयुष्य घातलंय."

"चिकोंडीनं काय घातलंय?"

"मला तिच्याबद्दल वाईट वाटत नाही असं वाटतं तुला?" त्याचा आवाज फाटला. "मला आत्ता फक्त आपल्या पोरीची भीती वाटतेय. दुसऱ्या कुणाची वाटायला जागाच नाही."

त्याचं खोटं नव्हतं. माझीही तीच गत होती, त्याहून वाईट. मी मनात म्हणत होते, पट्टीच बिघडलेली निघू दे. शून्य बरोबर असू दे. म्हणजे चिकोंडीचं का चुकलं ते कुणालाच कळणार नाही, तीनशे बारा मुलं अंधारात राहतील, पण माझी कस्तू घड्याळच राहील. देवासमोर नाही म्हटलं. पण म्हटलं.

मी लॅपटॉपची कळ दाबली.

यंत्र शेवटच्या नंबरापासून मागे येतं. तीनशे बारा, हिरवा. तीनशे अकरा, हिरवा. एकेका छातीला दोन-तीन सेकंद. हृषीकेश माझ्या खुर्चीमागे उभा होता. तीनशे, हिरवा. मला वाटलं, बघ, शून्य बरोबरच होतं. आणि दोनशे एक्क्याण्णव पिवळा झाला.

मग थोड्या थोड्या वेळानं होतच राहिले. दोनशे चौसष्ट. दोनशे बत्तीस, दोनशे एकतीस, ही जुळी भावंडं होती. मी नावं लिहून घेत होते. यंत्र यादी आपोआप करतं, तरी मी हातानं लिहीत होते. एकशे आठ, चिकोंडी. आता पिवळी. केवढी स्वच्छ पिवळी. या वेळी मशीननं तिच्या आईचं ऐकलं, पण आता पोर ब्लँटायरमध्ये ऑक्सिजनवर होती.

दहाच्या खाली नंबर आले तेव्हा चिकोंडीला सोडून एकोणीस नावं झाली होती. सगळ्यांत शेवटी शून्य. श्रावणातली कस्तू, आफरीनच्या मापानं. मी पडद्याच्या त्या कोपऱ्यावर हात ठेवला. लहान मुलं ठेवतात तसा. हृषीकेशनं माझा हात हळूच उचलला.

पिवळा.

हृषीकेशनं जाऊन नळ सोडला आणि तोंड धुवत राहिला, खूप वेळ.

मी तडालाला एकोणीस नावं पाठवली. गावं, आयांची नावं, उद्याच्या गाडीत घालायच्या इंजेक्शनांची संख्या. कारणाचा रकाना तेवढा रिकामा होता. हृषीकेश परत आला, टॉवेल हातात. त्यानं पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "लिही."

मी लिहिलं, 'शून्य चुकीचं होतं. ते माझ्या मुलीच्या छातीवरून लावलं होतं. ती आजारी होती आणि मला कळलं नाही. चिकोंडीच्या आईचं बरोबर होतं. तिला हे माझ्या नावानं सांग.'

बराच वेळ उत्तर आलं नाही. तडाला शिव्या देईल, असं मला वाटत होतं. द्याव्यात, असंही वाटत होतं. मग फोन त्याच सपाट आवाजात म्हणाला, "नावं मिळाली. गाडीत एकोणीस इंजेक्शनं ठेवते. मी चिकोंडीच्या आईशी बोलले. तिला तुम्हाला एक विचारायचं आहे. तुमची मुलगी जिने चढताना दमते का? चिकोंडी डोंगर चढताना दमायची. तेव्हाच तिला कळलं होतं."

*

दिवेलागणीला कस्तू भाभींकडून आली. तीन जिने. मी वरच्या कठड्याशी उभी राहून मोजत होते. पहिल्या जिन्यावर ती गाणं म्हणत होती. दुसऱ्यावर गाणं थांबलं. तिसऱ्याच्या मधे ती कठड्याला टेकून उभी राहिली, चप्पल नीट करतेय असं दाखवत. मला वर बघितलं आणि हसली. असं ती कधीपासून करत होती कोण जाणे.

मी खाली जाऊन तिला उचलून आणलं. तिनं कुरकुर केली नाही, तिथेच मला धसका बसला.

लॅपटॉप उघडाच होता. तिला आकडे वाचता येतात, आणि शून्य तर तिचंच.

"माझं पिवळं आलंय?"

"हो."

"म्हणजे मी हरले?"

"नाही गं. म्हणजे उद्या सकाळी बाईआजीकडे जायचं. त्या तुझ्या छातीचा फोटो काढणार. दुखत नाही."

"चिकोंडीचं पण पिवळं?"

"तिचंही."

ती माझ्या मांडीवर सरकून बसली. जड झालीय आता, पाय खाली लोंबतात. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, नकळत. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, आणि मग आपला हात त्याच्यावर ठेवला.

"आई," ती म्हणाली, "माझा गुडघा दुखायचा तेव्हा तू म्हणालीस, मोठी होतेयस. चिकोंडीचा दुखायचा तेव्हा तिची आई पण तसंच म्हणाली का गं?"